कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर कसे घ्यावेत?

आपल्या वस्तीतल्या सभा, शिबिरे, मोर्चे यांचे फोटो वर्तमानपत्रांत क्वचितच छापून येतात. ते असतात आपल्यापैकीच कुणाच्या तरी स्वस्तातल्या डिजिटल कॅमेऱ्यात आणि बहुतेक वेळा तिथेच पडून राहतात. एका सभेचे फोटो संगणकावर घेताना आम्ही घाईने 'कट' करून 'पेस्ट' केले. मध्येच वायर निघाली. काही फोटो संगणकावर आले, बाकीचे कार्डावरही उघडेनात. त्यात एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या भाषणाचे फोटो होते. पुढे दोन महिन्यांनी ते वारले. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

फोटो घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, यूएसबी वायर. आधी बॅटरी पुरेशी आहे का ते पाहा. मध्येच कॅमेरा बंद पडला तर फाईल खराब होऊ शकते. वायर लावून कॅमेरा चालू करा. संगणकाला कॅमेरा दिसत नसेल तर वायर बदलून पाहा, कारण काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात.

दुसरा मार्ग कार्ड रीडरचा. कॅमेरा बंद करून कार्ड काढा आणि रीडरमध्ये घाला. यात कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होत नाही. मात्र जुने रीडर २ जीबीपेक्षा मोठी एसडीएचसी कार्डे वाचत नाहीत. तेव्हा कार्ड खराब झाले असे समजून फेकू नका. आणि संगणकाने 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारले तर 'नाही' म्हणा.

फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. संगणकावर तारीख आणि कार्यक्रमाचे नाव देऊन नवे फोल्डर करा आणि फोटो त्यात 'कॉपी' करा, 'कट' नको. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकू नका. कॅमेरा फोटोंना क्रमांकाने नावे देतो. क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले की त्याच नावाचे जुने फोटो पुसले जाण्याची भीती असते.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडची संख्या जुळवा, चार-पाच फोटो उघडून पाहा. 'सेफली रिमूव्ह' केल्यावरच वायर किंवा कार्ड काढा. फोटोंची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर ठेवा. त्यानंतरच कार्ड रिकामे करा, तेही कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करून.

चुकून फोटो पुसले गेलेच तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. त्याच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो कार्डावर असतो. 'फोटोरेक' या मोफत प्रोग्रामने तो बऱ्याचदा परत मिळतो.

शेवटची गोष्ट, कॅमेऱ्यातली तारीख. सेल बदलले की स्वस्त कॅमेऱ्यांत ती बिघडते आणि प्रत्येक फोटोत तीच चुकीची तारीख नोंदली जाते. उद्या एखादी घटना केव्हा घडली हे दाखवायची वेळ आली तर या तारखेला किंमत असते. म्हणून कार्यक्रमाला निघण्यापूर्वी ती तपासा. आणि फोटो त्याच रात्री संगणकावर घ्या, उद्यावर टाकू नका.