शेतरस्त्याचा वहिवाट हक्क : निर्मितीच्या कायदेशीर अटी

प्रस्तावना :
पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटपांमुळे महाराष्ट्रात शेतजमिनींचे तुकडे झाले व आतील अनेक गटांना रस्ता उरला नाही. तोडणीस आलेला ऊस शेताबाहेर काढता न येणे म्हणजे वर्षाचे उत्पन्न गमावणे होय. म्हणून शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क कसा निर्माण होतो, हे पाहणे आवश्यक ठरते.

संकल्पना :
भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ४ नुसार स्वतःच्या जमिनीच्या लाभदायक उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क म्हणजे सुविधाधिकार. तो व्यक्तीला नव्हे, तर जमिनीला चिकटलेला असतो. याउलट केवळ परवानगीने मिळालेली वाट कलम ५२ प्रमाणे अनुज्ञप्ती ठरते व ती सामान्यतः रद्द करता येते.

निर्मितीचे मार्ग :
१) करार : हक्क देणाऱ्यास त्या जमिनीत हस्तांतरणीय हितसंबंध असावा लागतो. एकत्रित मालकीच्या जमिनीवर एकट्या सहमालकास इतरांच्या संमतीवाचून असा हक्क देता येत नाही (कलम ८). दस्तात वाटेची जागा, रुंदी व वापर स्पष्ट नमूद करून त्याची नोंदणी करणे हितावह असते.
२) आवश्यकता (कलम १३) : मूळ एकाच मालकीची जमीन विक्रीने वा वाटपाने विभागली जावी व दुसरी वाट मुळीच नसावी, या दोन्ही अटी हव्यात. केवळ जवळचा रस्ता हवा, हे कारण पुरेसे नाही. गरज संपताच हा हक्कही संपतो (कलम ४१).
३) दीर्घ वहिवाट (कलम १५) : वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून व अखंड २० वर्षे झालेला असावा आणि हा काळ दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा. शासकीय जमिनीबाबत हीच मुदत ३० वर्षे आहे. शेजाऱ्याच्या मेहेरबानीने कितीही वर्षे वापर झाला, तरी हक्क निर्माण होत नाही.

महसुली उपाय :
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदार इतर भूमापन क्रमांकांच्या बांधांवरून जाण्याच्या हक्काचा निर्णय देतात. या निर्णयाने व्यथित व्यक्तीस एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. आधीच्या वापरातील वाट अडविली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

निष्कर्ष :
गावाकडे तोंडी विश्वासावर चालणारी वाट संबंध बिघडताच बंद होते. पूर्वापार वापर आणि हक्क यांतील हा फरक लक्षात घेता, वाटपाच्या वेळीच प्रत्येक हिश्श्याचा रस्ता दस्तात लिहून ठेवणे हाच भावी वाद टाळण्याचा खात्रीचा मार्ग होय.