टेपरेकॉर्डर घेऊन हिंडलेला प्राध्यापक

बेसबॉलवरचं एकच पुस्तक वाचायचं, तर ते लॉरेन्स रिटर यांचं ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ (१९६६). रिटर हे न्यूयॉर्क विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९६१मध्ये टाय कॉब हा थोर खेळाडू गेला आणि रिटर यांना वाटलं, त्या पिढीतले उरलेले लोक हयात आहेत तोवर त्यांना गाठायलाच हवं. मग टेपरेकॉर्डर घेऊन ते अमेरिकाभर हिंडले.

त्याच पिढीतले खेळाडू सॅम क्रॉफर्ड यांना शोधत ते कॅलिफोर्नियातल्या बेवूड पार्क या छोट्या गावी पोचले. तिथं पत्ता कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी कपडे धुवायला लाँड्रीत बसले असताना शेजारच्या वयस्कर गृहस्थांना त्यांनी विचारलं, तर तेच क्रॉफर्ड! ३०९ ट्रिपल, म्हणजे एका फटक्यावर थेट तिसरा बेस गाठण्याचा त्यांचा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

रिटर यांचं मोठेपण असं, की पुस्तकातून त्यांनी आपले प्रश्न काढून टाकले. खेळाडू सलग बोलत राहतात आणि आपण ऐकत राहतो. रॉयल्टीतही त्यांनी या वृद्धांना वाटेकरी केलं.

पुढचं वाचन: जिम बाउटन यांचं ‘बॉल फोर’ (१९७०). खेळाडूंच्या खोलीतलं खरंखुरं जग त्यात आलं, म्हणून बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी कून संतापले होते. कादंबरीच हवी असेल, तर बर्नार्ड मॅलमड यांची ‘द नॅचरल’ (१९५२).