गाडी उभी कुठे असायची?

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आपल्याकडे आधी विचारतो, "किती पळालीय?" साध्या पेट्रोल-डिझेल गाडीच्या बाबतीत हा प्रश्न रास्तच आहे. पिस्टनच्या रिंगा, क्लच, गिअर हे सगळं पळण्यानेच झिजतं. हायब्रीड गाडी बघताना मात्र त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात तर तो विचारल्याशिवाय बयाणा देऊच नये: गाडी उभी कुठे असायची? पत्र्याच्या शेडमध्ये, झाडाखाली, की नव्या मोंढ्यात दुकानासमोर दिवसभर उन्हात? हायब्रीडमधला सर्वांत महागडा भाग म्हणजे तिची मोठी बॅटरी, आणि ही बॅटरी पळून जेवढी म्हातारी होते त्याहून जास्त तापून होते.

या विषयाची वेळ आता आली आहे. २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रीड, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा एकापाठोपाठ बाजारात आल्या. वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस दाखल झाली. टोयोटा आणि मारुती या गाड्यांच्या हायब्रीड बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. म्हणजे २०३० नंतर या गाड्या वॉरंटीबाहेर पडू लागतील आणि सेकंडहँड बाजारात त्यांचे सौदे वॉरंटीविना होऊ लागतील. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत सुमारे २० हजार कोटी रुपयांचा हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना उभारण्याचा करार टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी केला आहे. या गाड्या आपल्या भागात वाढत जाणार. त्यांचं म्हातारपण कसं असतं, हे आपल्या मेस्त्र्यांनी आणि गिऱ्हाइकांनी आताच समजून घेतलेलं बरं.

गाडीच्या पाठीवर 'हायब्रीड' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नये. २०१५ पासून विकल्या गेलेल्या मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगा डिझेलवर 'एसएचव्हीएस' अशी अक्षरं असत. सरकारच्या फेम योजनेत त्यांना सवलतही मिळायची. एप्रिल २०१७ पासून ती बंद झाली. या सौम्य हायब्रीड. त्यांच्यात इंजिनाला थोडा हात देणारी छोटी मोटर आणि जरा दणकट लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. नुसत्या विजेवर त्या चालत नाहीत. अशी गाडी साध्या डिझेल गाडीसारखीच पारखावी, आणि हायब्रीडच्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत. पुढचं सगळं लिहितोय ते पूर्ण हायब्रीडबद्दल: टोयोटाची प्रियस, २०१३ ची कॅमरी हायब्रीड आणि २०२२ पासूनच्या गाड्या.

या गाड्या पेट्रोल वाचवतात ते ब्रेकच्या जोरावर. प्रवाशांसह १३०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर तिच्यात सुमारे ०.०५ युनिट ऊर्जा साठलेली असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा डिस्क-पॅडच्या उष्णतेत जाते. हायब्रीडमध्ये चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते आणि वीज बॅटरीत जाते. जाण्यायेण्यातली गळती धरून निम्मी परत हाती लागली, तरी तेवढं काम इंजिनाकडून करून घ्यायला साधारण ९ मिलिलिटर पेट्रोल लागलं असतं. लिटरला १०५ रुपये धरा. एका थांब्यामागे जवळजवळ एक रुपया वाचला. ग्रँड विटाराची बॅटरी फक्त ०.७६ युनिटची आहे, म्हणजे असे पंधरा थांबे साठवण्याइतकी. ती सतत थोडी भरते, थोडी रिकामी होते. भोकरदन नाका, मामा चौक, गांधी चमन अशा रोजच्या गर्दीत चालणाऱ्याला या गाडीचा खरा फायदा. जालन्याच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढून ताशी १२० ने नागपूर गाठणाऱ्याला ब्रेक लावायची वेळच येत नाही. तिथे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो आणि एव्हरेज बरंच उतरतं. महिनाभर महामार्गावरच फिरणार असाल तर जुनी हायब्रीड घेण्याचं फारसं कारण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बॅटरीचं म्हातारपण. प्रियस, कॅमरी हायब्रीड, इनोव्हा हायक्रॉस यांच्यात निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे. ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये लिथियम-आयन. निकेलच्या घटात एका बाजूला निकेल हायड्रॉक्साइड, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन धरून ठेवणारा मिश्रधातू आणि मधे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण असतं. गाडीचा संगणक ही बॅटरी कधी काठोकाठ भरू देत नाही आणि कधी तळापर्यंत उपसू देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवतो. मोबाइलची बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते आणि हायब्रीडची दहा-बारा वर्षं सहज टिकते, याचं मोठं कारण हेच. पण उष्णतेपुढे संगणकाचं फारसं चालत नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं सूत्रात मांडलं. त्यावरून निघालेला ठोकताळा असा, की दर १० अंशांना अशा क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होतात. २५ अंशांवर राहणारी बॅटरी आणि ४५ अंशांवर राहणारी बॅटरी यांच्या झिजण्याच्या वेगात चौपट फरक पडू शकतो. घटातला मिश्रधातू गंजतो, त्यात पाणी खर्ची पडतं, मधला पडदा कोरडा होत जातो आणि अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की तोच विद्युतप्रवाह जास्त उष्णता निर्माण करतो, आणि ती उष्णता झीज आणखी वाढवते.

जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत आतली हवा पन्नाशीच्याही पुढे जाते. आणि निकेलच्या बहुतेक बॅटऱ्या थंड होतात त्या गाडीतल्याच हवेने! मागच्या आसनाच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते. तिच्यातून छोटा पंखा आतली हवा ओढून बॅटरीवरून फिरवतो. आसनावर पिशव्या, गोधडी, सतरंजी टाकली की जाळी झाकली जाते, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ, कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळ उडणारे तंतू, आसनांचे धागे हे सगळं त्या जाळीवर आणि पुढे पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखं बसतं. पंखा फिरत राहतो, आवाजही येतो, पण हवा निम्मीही पोचत नाही. दर सर्व्हिसिंगला ही जाळी आणि शक्य असेल तर पंखा साफ करून घ्या. ऑइल बदलण्याइतकंच हे महत्त्वाचं काम आहे, आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारंही. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर दोन मिनिटं काचा उघडून गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी लावावा; तो गारवा बॅटरीलाही मिळतो.

कमी पळालेली गाडी म्हणजे उत्तम गाडी, ही समजूतही इथे फसवते. मुलं पुण्याला किंवा परदेशात, गाडी गावी अंगणात आच्छादन घालून उभी, मीटरवर जेमतेम ३० हजार. अशी गाडी मोहात पाडते. पण उभ्या बॅटरीतून चार्ज आपोआप गळतो, घटांमधला समतोल बिघडतो, आणि प्रियससारख्या गाडीत इंजिन चालू करण्याचं कामही मोठ्या बॅटरीचंच असतं. वेगळा स्टार्टर नसतो. पंधरवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास फिरवलेली गाडी पाच वर्षं झाकून ठेवलेल्या गाडीहून चांगली.

गाडी अजिबात चालू होत नसेल तर घाबरून मोठ्या बॅटरीवर खापर फोडू नका. या गाड्यांत नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते. तिच्याच जोरावर संगणक जागा होतो आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडले जातात. ती उतरली की डॅशबोर्डवर नाना तऱ्हेचे दिवे लागतात आणि 'हायब्रीड गेली' अशी आवई उठते. काही हजारांत भागणाऱ्या कामासाठी चांगली गाडी कवडीमोल विकली जाऊ नये, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

मोठी बॅटरी खरंच थकली आहे का, हे मोजता येतं आणि मोजायलाच हवं. प्रियसमध्ये प्रत्येकी सहा घटांची २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेली असतात. संगणक त्यांचे दोन-दोनचे १४ गट करून प्रत्येकाचा विद्युतदाब पाहतो. चांगला स्कॅनर लावला की पडद्यावर १४ आकडे दिसतात. गाडी उभी असताना ते सगळे सारखेच दिसतील, त्यावर जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर शेजारी स्कॅनर धरून माणूस बसवा आणि चढावर पाय दाबा. निरोगी बॅटरीत १४ आकडे एकत्र खाली येतात, पाय उचलला की एकत्र वर जातात. त्यातला एकच आकडा इतरांहून व्होल्टभर जास्त घसरला, तर त्या गटातला एखादा घट मेलेला समजा, कारण एका घटाचा दाब १.२ व्होल्टच असतो. १६८ घटांतला तो एक. पण जोडणी एकापाठोपाठ एक असल्याने सगळा प्रवाह त्यातूनच जातो. पुढे 'पी०ए८०' हा कोड येतो, म्हणजे पूर्ण बॅटरी बदला असा इशारा. सौदा ठरण्याआधी ही चाचणी करू न देणाऱ्या मालकाकडून गाडी घेऊ नये.

अशा वेळी कोणी सुचवतो, खराब तेवढं मॉड्यूल काढून जुन्या बाजारातलं दुसरं टाकू. थकलेल्या बैलाशेजारी ताजा गोऱ्हा जुंपल्यासारखं ते होतं. क्षमता जुळत नाहीत, काही महिन्यांत दुसरा गट बसतो, मग तिसरा. लिथियमची बॅटरी तर बाहेर उघडूच नये, आगीचा धोका असतो. २०० व्होल्टच्या वर डीसी प्रवाह वाहणाऱ्या त्या नारिंगी वायरींना सर्व्हिस प्लग काढल्याशिवाय, रबरी हातमोज्यांशिवाय आणि इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं दिल्याशिवाय कोणीही हात लावू नये. आपल्या गॅरेजातली पोरं हुशार आहेत, पण या कामाचं शिक्षण वेगळं आहे आणि ते त्यांना मिळायला हवं.

मग बॅटरी बदलायची की गाडी सोडायची? लोक हिशेब करतात तो वाचणाऱ्या पेट्रोलचा. वर्षाला १२ हजार किलोमीटर, हायब्रीडचं एव्हरेज १८ आणि तेवढ्याच मोठ्या पेट्रोल गाडीचं १२ धरलं, तर वर्षाला ३३३ लिटर म्हणजे सुमारे ३५ हजार रुपये वाचतात. बॅटरीचा खर्च उदाहरणादाखल दोन लाख धरला तर तो फिटायला साडेपाच वर्षांहून जास्त लागतील, म्हणून नको. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. बंद पडलेली गाडी आहे तशी विकली तर किती येतील, दुरुस्त करून तिची किंमत किती होईल, आणि ती सोडून तेवढ्याच भरवशाची दुसरी घ्यायला खिशातून किती जातील, हे तीन आकडे समोर ठेवा. दीड लाखाला जाणारी बंद गाडी दोन लाख घालून साडेचार लाखांची होत असेल, तर दुरुस्ती शहाणपणाची.

त्याआधी बाकीची गाडी पारखायला हवी. इंजिनाचं कूलंट गळतीशिवाय कमी होतंय का? २०१० च्या सुमाराच्या प्रियसमध्ये धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारी ईजीआर यंत्रणा कार्बनने तुंबून हेड गॅस्केट जाण्याचा दोष जगभर पाहिला गेला आहे. इन्व्हर्टरचं वेगळं कूलंट कधी बदललंय? ब्रेकचे पॅड या गाड्यांत लाखभर किलोमीटरही पुरतात, पण वापर कमी असल्याने कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. त्या सुट्या होतात का? यातली एखादी अडचण असेल तर ती निस्तरता येते. इंजिन आणि बॅटरी दोन्ही एकदम गेली असतील तर गाडी सोडून द्यावी. आरसीची तारीखही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. २०१३ च्या कॅमरीला ती वेळ २०२८ मध्ये येईल. नवी बॅटरी बसवायची तर पासिंगमध्ये अडेल असं पत्र्याचं, ब्रेकचं, धुराचं काम आधी उरकून घ्या.

गाडी भंगारात गेलीच, तर तिचं लोखंड वितळवायला जालन्याइतकी जवळची जागा नाही. इथल्या इंडक्शन भट्ट्या भंगारावरच चालतात आणि त्यातून सळई निघते. मोठी बॅटरी मात्र त्या लोखंडाबरोबर जाता कामा नये. भट्टीत ती घातक आहे, आणि तिच्यातलं निकेल, कोबाल्ट आणि लँथनमसारखे दुर्मिळ धातू फुकट जातात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार विकलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा नवी बॅटरी बसवताना किंवा गाडी भंगारात देताना जुनी बॅटरी कुठे गेली याची लेखी पावती घ्या, आणि तिच्या बदल्यात बिलातून किती वजा होणार हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्या.