टायर बदलला, पण फरशीवर एक बुश उरला!

तुमच्या बाइकचा टायर किती वर्षांचा आहे? आठवत नाही ना? मलाही नव्हतं माहीत. बाबांची दीडशे सीसी बाइक संगमनेरहून पुण्याला आणली तेव्हा पुढच्या टायरची नक्षी चांगली खोल होती. म्हटलं, दोन वर्षं बघायला नको. मग पहिल्याच पावसात सिग्नलला ब्रेक दाबला, चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर आलं आणि मी थेट आडवी. मागची बस दोन हातांवर येऊन थांबली. गुडघा सोलवटला तेवढ्यावर निभावलं.

घरी येऊन टायर नीट पाहिला. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर होतं २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा! तेव्हा मी शाळेत होते. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच. ते कडक होतं, बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. नक्षी मात्र तुम्हाला फसवत राहते. आत्ता हे वाचताय ना, आधी पार्किंगमध्ये जाऊन आकडे बघून या.

नवा टायर दुकानात बसवून मिळतो, शंभर-दोनशे रुपयांत. मग घरी कशाला? खरं सांगू, पैसे वाचत नाहीत. दोन टायर लिव्हर, व्हॉल्व्हची चावी, चिकटवायची वजनं यातच माझे सातशे गेले. पण ज्या चाकावर आपण रोज जीव टाकतो, ते निदान एकदा तरी खोलून बघावं असं पडल्यानंतर वाटायला लागलं.

तर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी, रूममेट आणि यूट्यूब. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच थोडा सैल करून घ्या, गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती स्टँडवरून पडते. चाक निघालं की पुढचा ब्रेक चुकूनही दाबायचा नाही. मध्ये डिस्क नसल्यामुळे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. रूममेटने गंमत म्हणून दाबायला हात नेला होता, तिला ओरडले.

खरा घाम पुढे. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडली तरी टायरची कड रिमला फेविकॉल लावल्यासारखी चिकटलेली. उड्या मारल्या, काही नाही. मग खालच्या मजल्यावरचे काका आले, त्यांची गाडी शेजारी आणली, तिचा साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवला आणि गाडी हळूच त्यावर कलती केली. फस्स! सुटली. हा जुगाड करताना चाक जुन्या टायरवर किंवा लाकडावर ठेवा, डिस्क फरशीला टेकली तर वाकते.

आता लिव्हर. इथे ताकद लावणारा हरतो. रिमच्या मध्यभागी गोल फिरणारा एक खोलगट भाग असतो. तुम्ही ज्या बाजूला लिव्हर लावता, त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने दाबून त्या खोलगटात ढकलायची. मग इकडे सैलपणा मिळतो आणि साबणाच्या पाण्यावर टायर सरकत येतो. हे कळायला मला तासभर लागला, तोवर रिमवर दोन ओरखडे. नवा टायर चढवताना बाजूवरचा बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा, आणि पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर, कारण ती टायरची हलकी जागा.

ट्यूबलेस टायर पायाच्या पंपाने मात्र फुगत नाही, हवा कडेने निसटते. निमूटपणे काकांच्या स्कूटरवर चाक मांडीवर घेऊन पेट्रोल पंप गाठला. फट, फट असे दोन आवाज आले की कड बसली. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंतही आवाज आला नाही तर थांबा. हवा सोडा, पुन्हा साबण लावा.

बॅलन्सिंग हा सगळ्यात मजेचा भाग. एक्सल चाकात घालून दोन सारख्या स्टुलांवर टेकवायचा, चाक अधांतरी. हळूच फिरवा. थांबल्यावर जड भाग आपोआप खाली येतो. तिथे खडू, आणि बरोबर वर, समोरच्या बाजूला, पाच ग्रॅमचं वजन टेपने. पुन्हा फिरवा. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबलं की झालं, वजन कायमचं चिकटवा. माझं पंधरा ग्रॅमवर जमलं. गावातल्या गावात चाळीसने फिरलात तर फरक कळणारही नाही, पण हायवेवर सत्तर-ऐंशीला हँडल थरथरतं ते बहुतेक वेळा याचमुळे.

चाक बसवलं, नट आवळला, सेल्फी काढली. चहा आणायला निघाले तर फरशीवर एक छोटा बुश. चाक आणि फोर्कच्या मधला. क्षणभर वाटलं, जास्तीचा असेल! तो नसता तर चाक एक्सलवर बाजूला सरकलं असतं, डिस्क कॅलिपरला घासली असती, आणि हे मला कदाचित चंदनापुरी घाटात कळलं असतं. सगळं पुन्हा खोललं. आता खोलतानाच मी प्रत्येक भागाचा फोटो काढते आणि भाग त्याच क्रमाने पेपरवर मांडते. नट शेवटी काकांच्या ओळखीच्या मेकॅनिककडून टॉर्क पान्याने तपासून घेतला. त्याला त्याने चहाचेही पैसे घेतले नाहीत.

निघण्याआधी ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पहिल्या वेळी लिव्हर पोकळ जाते. आणि नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर झुकायची हौस आवरा. मागचा टायर अजून बाकी आहे. त्यावर आकडे आहेत ०८१५. येत्या रविवारी काकांना आधीच सांगून ठेवलंय.