नऊ डोक्यांची बाई

शाळेत असताना ज्यानं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षा दिल्या आहेत, त्याच्या मनात एक गोष्ट कायमची बसलेली असते: गिरवणं म्हणजे पाप. स्थिरचित्र समोरच्या वस्तू बघून काढायचं, स्मरणचित्र आठवून काढायचं, आणि खाली कागद ठेवून कुणी रेषा उचलताना दिसला की सरांची नजर त्याच्यावर. पुढे हाच विद्यार्थी फॅशन डिझाइनच्या वर्गात जातो. तिथे त्याच्यापुढे एक छापील मानवाकृती येते, लांब पायांची, चेहरा जवळपास कोरा, आणि सोबत ट्रेसिंग पेपर. या आकृतीला धंद्यात ‘क्रोकी’ म्हणतात. तिच्यावर फक्त कपडे चढवायचे. बिचारा गोंधळतो, आणि घरचे तर सरळ म्हणतात, ‘अरे, ही तर कॉपी झाली!’

कॉपी कशाची, हे आधी ठरवावं लागेल. फॅशन स्केचमध्ये दाखवायचा असतो तो कपडा. शरीर त्याला टांगायला लागतं म्हणून असतं. अल्जीरियातल्या ओरान शहरात वाढलेल्या इव्ह सँ लोराँ नावाच्या मुलानं १९५३ ते १९५५ या काळात आईच्या मासिकांतल्या मॉडेलांच्या आकृत्या कापून त्यांच्या कागदी बाहुल्या केल्या आणि त्यांच्यासाठी कागदाचेच कपडे बनवले. म्हणजे शरीर आयतं, कपडा स्वतःचा. अशा ११ बाहुल्या आणि त्यांचे ५०० हून अधिक कपडे व इतर जिनसा आज पॅरिसमधल्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. याच काळात, १९५४ साली, त्यानं लोकर उत्पादकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पोशाखासाठी पहिलं बक्षीस मिळवलं. १९५५ मध्ये तो डिझायनर ख्रिश्चन दिऑरच्या हाताखाली लागला आणि १९५७ मध्ये दिऑर वारल्यावर, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी, त्या फॅशन घराण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. आयती आकृती घेतल्यानं त्याची कल्पकता आटली, असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

याच्या उलट टोकाचा समज असा, की असा छापील आकृतीचा साचा हाताशी असला म्हणजे शरीराचा अभ्यास करायलाच नको. इथे कोल्हापूरच्या भानू अथय्या आठवतात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या रीतसर चित्रकला शिकल्या, सुवर्णपदक मिळवलं, मग मुंबईत महिलांच्या मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करू लागल्या. त्यातूनच प्रत्यक्ष कपडे करण्याकडे आणि पुढे सिनेमाकडे वळल्या. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कापडाखाली खांदा कुठे आहे आणि गुडघा कुठे वळतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याची घडी खरी वाटते. साचा बाह्यरेषा देतो. कापड कुठे अंगाला टेकतं आणि कुठे सुटतं, हे तो सांगत नाही.

नवशिक्याचं स्केच इथेच पकडलं जातं. तो साच्याच्या रेषेवरूनच कपड्याची रेषा ओढतो, त्यामुळे सुती कुर्ताही अंगावर रंगवल्यासारखा दिसतो. कुर्ता खांद्यावर टेकतो, छातीवर टेकतो, नंतर सुटतो. सुटला की रेषा शरीरापासून थोडी बाहेर जायलाच हवी, आणि किती बाहेर, ते कापडावर ठरतं: मलमल वेगळी, खादी वेगळी, ऑर्गन्झा तर पार फुगून उभा राहतो. गळ्याची आणि घेराची रेषा सरळ नसते, ती शरीराभोवती वळते. आकृती थोडी तिरपी उभी असेल तर बटणपट्टीही मधून हलते आणि छातीच्या उभारावरून वळत खाली येते. चांगल्या साच्यावर ही मधली रेषा फिकट छापलेली असते. बरेच जण तिच्याकडे बघतही नाहीत.

आता डोक्यांचा हिशेब. चित्रकलेत उंची डोक्यांत मोजतात. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो. फॅशनची आकृती नऊ डोक्यांची, कधी दहाचीही. ‘फॅशनचं प्रमाण म्हणजे आदर्श शरीर’ हा समज इथून जन्मतो. गणित करून बघावं. ५ फूट २ इंच उंचीच्या मुलीचं डोकं साडेसातच्या हिशेबानं सुमारे २१ सेंटिमीटर येतं. तेवढंच डोकं ठेवून तिला नऊ डोक्यांची केली, तर ती १८९ सेंटिमीटर, म्हणजे ६ फूट २ इंचांच्या वर जाते. शिवाय ही वाढ सगळीकडे सारखी होत नाही. प्रत्यक्षात उंचीचा मध्य जांघेच्या आसपास येतो. नऊ डोक्यांच्या आकृतीत जांघ चौथ्या डोक्यावर संपते आणि खाली पाच डोक्यांचे पाय उरतात. बहुतेक वाढीव लांबी पायांत ओतलेली असते, कारण लांब पायावर स्कर्टचा, पँटचा, घेराचा तोरा दिसतो. हे कपड्याचं प्रदर्शन आहे. त्यात आरोग्य किंवा सौंदर्य शोधणाऱ्यानं आरशासमोर उगाच दुःखी व्हायचं कारण नाही.

याच संदर्भात आपल्याकडे एक अभिमानाचं वाक्य ऐकू येतं: ‘आपल्या मूर्तिशास्त्रातलं नवताल प्रमाण म्हणजेच नऊ डोकी, पाश्चात्त्यांनी आपल्याकडूनच उचललं.’ यात एक घोटाळा आहे. ताल म्हणजे पूर्ण डोकं नव्हे. ताल म्हणजे केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा, १२ अंगुळांचा. नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसनं चेहरा उंचीच्या एक दशांश आणि हनुवटीपासून टाळूपर्यंतचं डोकं एक अष्टमांश धरलं होतं. त्या प्रमाणानं नऊ चेहरे म्हणजे सव्वासात डोक्यांच्याही किंचित आत. म्हणजे नवताल मूर्ती हाडामांसाच्या माणसाच्या जवळची निघते आणि नऊ डोक्यांची मॉडेल तिच्यापेक्षा बरीच ताडमाड. अभिमान बाळगायला हरकत नाही, माप मात्र तपासून घ्यावं.

साचा तटस्थ असतो, कुठलाही कपडा त्यावर चालतो, हा समज तर नऊवारी काढायला घेतली की पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतो. बाजारात मिळणारे बहुतेक साचे रॅम्पवर चालणाऱ्या मॉडेलचे असतात: एक पाय दुसऱ्यापुढे, कंबर एका बाजूला कलती. गाऊन, स्कर्ट, सूट यांना हे छान शोभतं. नऊवारीत मात्र कापड दोन्ही पायांना वेगवेगळं लपेटतं, काष्टा पायांमधून मागे जातो आणि कमरेला खोचला जातो. पाय एकमेकांवर आले की ही विभागणीच झाकली जाते, आणि कागदावर उरतं ते सहावारीसारखं काहीतरी. इथे पाय थोडे फाकवून उभी असलेली आकृती हवी आणि सोबत पाठमोरीही, कारण काष्टा पुढून दिसतच नाही. पाठमोरे साचे मिळतात. विद्यार्थी ते उघडत नाहीत, एवढंच. दुसरी गंमत काठाची. पोटऱ्या ताणलेल्या आकृतीवर पैठणीचा रुंद काठ रिबिनीएवढा दिसतो. मग हौशी कलाकार काठ रुंद करतो, आणि विणकराला तो दाखवल्यावर विणकर विचारतो, ‘एवढा काठ खरंच पाहिजे का?’

उभ्या आकृतीचा तोल तपासायची जुनी युक्ती साच्यांनाही लागू पडते. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली रेषा टाकायची. सगळा भार एकाच पायावर असेल तर ती त्या पायाच्या तळव्याशी यायला हवी. फुकटात मिळणाऱ्या कित्येक साच्यांमध्ये ती हवेत लटकते. अशा बाईला कितीही सुंदर कपडे घाला, ती पडतेच आहे असं वाटत राहतं.

स्केच शिंप्याच्या हाती दिलं की काम झालं, हाही असाच एक समज. मास्टरजी स्केच बघून कापत नाहीत, कापायला घेतलं तर नऊ डोक्यांचा कुर्ता साडेसात डोक्यांच्या मुलीच्या पोटरीवर येईल. कारखान्यात चालतं ते ‘फ्लॅट’: अंगावेगळा, टेबलावर पसरल्यासारखा, खऱ्या प्रमाणातला कपडा, पुढून आणि मागून. त्यात प्रत्येक शिवण, टिपा, चेन, खिशाची जागा दिसते आणि बाजूला मापांचा तक्ता असतो. फ्लॅटसाठीही साचे असतात, पण ते वेगळे, साध्या माणसाच्या प्रमाणातले. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की नमुना परत शिवावा लागतो.

उलट, चित्र येत नाही म्हणून डिझायनर होता येणार नाही, ही भीतीही फोल. मादलेन व्हिओने छोट्या लाकडी पुतळीवर कापड लपेटून पोशाख घडवायची आणि कोको शनेल थेट मॉडेलच्या अंगावर टाचण्या लावत काम करायची. कागदाशी दोघींचं फारसं सख्य नव्हतं.

शेवटचा समज कायद्याचा आहे: ‘साचा फुकट मिळाला, म्हणजे तो माझा.’ भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेखाटन ही कलाकृती आहे, मग ती कितीही साधी असो. म्हणून साच्याचा हक्क काढणाऱ्याकडे राहतो आणि वापरणाऱ्याला मिळते ती परवानगी. सरावाला, पोर्टफोलिओला मुभा असेल, पण तोच साचा आपल्या पुस्तकात छापून विकायचा असेल तर अटी वाचाव्या लागतात. साच्यावर काढलेल्या कपड्याच्या रेखाटनाचा हक्क ते काढणाऱ्याचा, पण त्यालाही मर्यादा आहे. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही, आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं कुणी त्यावरून कारखानी पद्धतीनं ५० पेक्षा जास्त नग काढले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. डिझायनर तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये कंपनीच्या बाजूनं कौल दिला, तेव्हा हा ५० चा आकडा कळीचा ठरला: कंपनीनं काढलेले नग त्याहून कमी होते. बुटिकसाठी मोजकेच नग शिवणाऱ्याला या कलमाची झळ सहसा लागत नाही. एकाच डिझाइनचे शेकड्यांनी कुर्ते काढणाऱ्यानं मात्र पहिला लॉट कापायच्या आधी नोंदणीचा अर्ज भरलेला बरा.