निराधार योजनेचा अर्ज : कचेरीची पायरी चढण्याआधी

मंडळी, संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 सालची. तिचा इतिहास आज बाजूला ठेवू. माझा मुद्दा खेपांचा आहे. एखाद्या विधवा बाईला महिन्याला दीड हजार मिळू शकतात, पण ते मिळवायला ती तालुक्याला चार-चार खेपा घालते. एसटीला अर्धं तिकीट झालं, पण मजुरी मात्र पूर्ण बुडते. यातल्या निदान दोन खेपा घरी बसून वाचवता येतात, त्या कशा ते बघू.

आधी जायचं कुठं? बरेच लोक पंचायत समितीत जातात, कारण घरकुलाचं काम तिथं झालेलं असतं. हे काम तिथलं नव्हे. हे तहसील कार्यालयाचं काम. तिथंही पुरवठा, निवडणूक, रोजगार हमी अशा शाखा असतात. आपल्याला विचारायचं ते ‘संजय गांधी शाखा कुठं?’ एवढंच. पुण्यासारख्या शहरात या योजनेचे तहसीलदारच वेगळे असतात, त्यांचं कार्यालय आधी विचारून घ्यावं. आणि सुरुवात गावातूनच करायची, तलाठ्यापासून. हल्ली पाटीवर ‘ग्राम महसूल अधिकारी’ लिहिलेलं असतं, माणूस तोच, नाव 2024 मध्ये बदललं. शनिवार-रविवार कचेरी बंद. बाजाराच्या दिवशी उघडी असते, पण त्या दिवशी अख्खा तालुका तिथं असतो, तेव्हा तो दिवस टाळलेला बरा.

आता कागद. रहिवासाचा पुरावा लागतो, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं राहिल्याचा. वयाचा पुरावा लागतो; शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीबाईंनी घाबरायचं कारण नाही, मतदार यादीतला उतारा किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीतला उतारा. मर्यादा कुटुंबाला वर्षाला 21 हजार. हिशोब करा, दिवसाला साठ रुपयेसुद्धा होत नाहीत. अख्ख्या कुटुंबाचे! माझ्या मते ही मर्यादा कधीच वाढायला हवी होती, पण आज अर्ज करायचा तर ती धरूनच करायचा. शिवाय विधवेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, अपंगाला किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र, गंभीर आजार असेल तर सरकारी दवाखान्याचा दाखला.

पण खरी गाडी अडते ती कागद नसल्यामुळे फारशी नाही. कागदांवरच्या नावांमुळे अडते. मृत्यूच्या दाखल्यावर ‘पांडुरंग’, रेशन कार्डावर ‘पांडू’, बाईच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव, बँकेच्या पासबुकात चौथाच प्रकार. कारकून म्हणतो, ही बाई याचीच बायको कशावरून? त्याचं अगदीच चुकीचं नाही हो. उद्या तपासणी झाली तर त्याला उत्तर द्यायचं असतं. म्हणून घरी काय करायचं, सगळे कागद जमिनीवर शेजारी-शेजारी मांडायचे आणि शिकलेल्या पोराला प्रत्येकावरचं नाव, आडनाव, जन्मसाल मोठ्यानं वाचायला लावायचं. फरक तिथंच कळतो. आधारवरचं नाव आधार केंद्रात दुरुस्त होतं. मृत्यूच्या दाखल्यातली चूक जिथं नोंद झाली तिथंच, म्हणजे बहुधा ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. मृत्यूची नोंदच केलेली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ते काम आधी हातात घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ तेच खातं.

एक खर्च मात्र अजिबात करू नका. कचेरीबाहेरचा टंकलेखक सांगतो, प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प आणा. 2024 पासून स्टॅम्प किमान पाचशेचा झालाय. दीड हजाराच्या योजनेसाठी पाचशेचा स्टॅम्प! उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 पासूनच माफ आहे. साधा कागद पुरतो. झेरॉक्सवर साहेबांची सही-शिक्काही नको, 2015 पासून स्वतःची सही चालते.

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसकट. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली येतो, 15 दिवसांत मिळायला हवा, नाही मिळाला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. निराधारचा अर्ज मात्र तालुक्याच्या समितीच्या बैठकीत मंजूर होतो. बैठक झाली नाही तर तो तसाच पडून राहतो. तेव्हा ‘माझं काय झालं?’ असं विचारण्यापेक्षा ‘पुढची बैठक कधी आहे?’ हे विचारा, म्हणजे त्याआधी उगाच खेप पडणार नाही. आणि पैसे आता आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. घरात दोन पासबुकं असतील तर आधार कुठल्याला जोडलंय हे बँकेत विचारून ठेवा. मंजुरी मिळूनही ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांचे पैसे कधी कधी दुसऱ्याच खात्यात पडून असतात.

(श्रोत्यांतून प्रश्न : लाडकी बहीण चालू असेल तर?)

दोन्हींचे दीड-दीड हजार एकदम मिळत नाहीत. इथं दीड हजार चालू असतील तर तिथं अपात्र. पण लाडकी बहीण वयाच्या 65 पर्यंतच आहे. पासष्टी झाली की श्रावणबाळ योजनेचा अर्ज, याच शाखेत, कागद जवळजवळ हेच.

(प्रश्न : आईचे पैसे चालू होते, मध्येच बंद झाले.)

हयातीचा दाखला दिला होता का? दरवर्षी द्यायचा असतो. आधी तेच बघा. आईंना चालवत नसेल तर तलाठ्याला किंवा कोतवालाला घरी यायची विनंती करा, आणि पासबुक, आधार दोन्ही जवळ ठेवा.