आपले शब्द संपतात तेव्हा हरिपाठ

आजचा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे, आणि माझाही होता: प्रार्थनेने खरंच आधार मिळतो, की आपण स्वतःची समजूत घालतो?

मी कुर्डुवाडीचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचं गाव म्हणजे जंक्शन. पंढरपूर इथून सुमारे 50 किलोमीटर. आषाढीला गाडी बदलणारे वारकरी लहानपणापासून बघतोय. पण ते बघणं फक्त प्लॅटफॉर्मवरून होतं. हरिपाठ घरात रोज संध्याकाळी व्हायचा, आणि मी कानात हेडफोन घालून बसायचो.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्याआधी अकरा दिवस दवाखान्यात होते. त्या अकरा दिवसांत मी देवाला सगळं सांगून पाहिलं: नवस, विनवणी, अगदी धमकीसुद्धा. मग शब्दच संपले. बाबा गेल्यावर चौदाव्या दिवशी आईने बाबांची ती जुनी पोथी काढली आणि हरिपाठ सुरू केला. मला राग आला. म्हटलं, "आई, एवढं मागितलं, त्याने ऐकलं का? अजून कशाला म्हणतेस?" आई म्हणाली, "भांडायला तरी कुणीतरी पाहिजे ना रे."

तिथे माझी गाडी रूळ बदलली. मला वाटायचं, भक्ती म्हणजे तक्रार न करणं. पण नामदेव आणि जनाबाई यांचे अभंग वाचले तर लक्षात येतं, ही माणसं विठ्ठलाशी चक्क भांडतात. रुसतात, जाब विचारतात, जनाबाई तर खडसावते. परक्याशी कुणी असं भांडत नाही. म्हणजे जवळीक आधी, आणि भांडण हा तिचाच पुरावा. माझा राग मला देवापासून लांब नेत नव्हता. मी गप्प बसलो होतो, त्यामुळे लांब गेलो होतो.

आता हरिपाठ काम कसा करतो, ते बघू. ज्ञानेश्वर महाराजांचा हरिपाठ साधारण 27-28 छोट्या अभंगांचा. एकनाथ महाराजांचाही वेगळा हरिपाठ आहे. प्रत्येक अभंगानंतर ध्रुपद पुन्हा येतं. मन भरकटलं तरी ध्रुपदापाशी परत येतं, त्यासाठी स्वतःला रागवावं लागत नाही. शब्द आधीच तयार असतात. दुःखात माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा शेकडो वर्षं लोकांनी म्हटलेले शब्द उसने मिळतात. आणि एका लयीत म्हणताना श्वास आपोआप संथ होतो. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, त्यामुळे आपला आवाज अडला तरी पाठ थांबत नाही. पहिल्या आठवड्यात माझा रोज अडायचा. आई पुढे म्हणत राहायची.

"पण मला वेळ कुठंय, ऑफिस आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी आमच्याच माढा तालुक्यातलं अरण. तिथले संत सावता माळी. परंपरा सांगते, ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात आला. आजही विठ्ठलाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. वारी मोठीच आहे, पण हातातलं काम नीट करता करता घेतलेलं नामही पोचतं, हे आपल्याच भागाने शिकवलंय. मी स्वतः बिल्ड चालू असताना मनात नाम घेतो. हसू नका!

सुरुवात कशी करायची? वेळ ठरवा, भले दहा मिनिटं. सगळा हरिपाठ नको, दोनच अभंग मोठ्याने म्हणा. ज्ञानेश्वरीत 18 अध्याय आणि सुमारे 9 हजार ओव्या आहेत. एकदम हात घातला तर दमाल, रोज पाचच ओव्या अर्थासह वाचा. एखादी ओवी अडली तर सोडून पुढे जा, ती नंतर भेटते. आणि झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडेही जा. दोन्ही एकत्र चालतं, त्यात देवाचा अपमान नाही.

शेवटी पसायदान. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, 9 ओव्यांचं. एवढा मोठा ग्रंथ पूर्ण झाल्यावर ज्ञानेश्वर महाराज जे दान मागतात, ते सगळ्यांसाठी मागतात. हे मला दवाखान्यात कळायला हवं होतं. तिथे मी फक्त माझ्या बाबांसाठी मागत होतो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांसाठी रात्रभर बसणारा मुलगाही तेच करत असणार. आता पसायदान म्हणताना मला तो आठवतो.

बाबा परत आले नाहीत. प्रार्थनेने ते होत नाही. पण संध्याकाळी सात वाजता फोनवर आई पहिला अभंग सुरू करते आणि दुसरा मी उचलतो. तेवढा वेळ आम्ही दोघं एकटे नसतो.

तुमच्या घरी कोणता पाठ चालतो, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी.